चौथ्या चाकाचं लिंबू

सरबत मी फक्कड करतो, पण एकदा ते जिवावर बेतलं होतं. ताई आणि दाजी नवी गाडी घेऊन थेट आमच्या दारात आले. ताईनं पूजा करून चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं.

घामाघूम दाजी म्हणाले, "पावणं, लिंबू सरबत करा की!"

घरात लिंबू न्हाय. मग काय, एका चाकाखालचं हळूच उचललं. दाजी घटाघट प्याले अन् त्यांनी गाडी हलवली. फच्, फच्, फच्!

"चौथं कुठाय?" ताई ओरडली.

मी दाजींच्या पोटाकडं बोट दाखवलं.

"नव्या गाडीला नजर लागंल की! आता तूच झोप त्या चाकाखाली!"

दाजींनी काच खाली केली. "थांब गं. आधी अजून एक ग्लास करू दे त्यास्नी, मग झोपव."