लुक्लाची चढाची धावपट्टी

नाही नाही, तिथं नको साहुजी, ती सुपारीची डबी जरा अलीकडे घ्या — तो थ्रॉटल आहे. खेळण्यातलाच, हो, प्लास्टिकचा, पण धक्का लागला तर इंजिनाची ताकद जाईल, आणि या घटकेला माझ्याखाली जिरीचं खोरं आहे. बसा ना. तुमच्याकडे पाठ करून बोलतोय, राग धरू नका — होणाऱ्या व्याह्यांकडे पाठ करून बसलेला मुलीचा बाप अख्ख्या पाटणनं पाहिला नसेल. 'होणाऱ्या' हे मी घाईनं म्हटलं, अजून तुमची होकाराची सुपारी घेतलेली नाही, ठाऊक आहे मला. पण हे थांबवता येत नाही. म्हणजे येतं, एक बटण आहे, ते दाबलं की विमान हवेत जिथल्या तिथं गोठतं — पण तिच्याकडे आहे का असं बटण? मग मी कसं दाबू?

तिच्याकडे म्हणजे कुणाकडे काय, पलिस्थाकडे! जिला सून करून भक्तपूरला न्यायला आलात तिच्याकडे. ती आत्ता खऱ्या विमानात आहे आणि मी या पडद्यावरच्या. तीच वाट, तीच हवा — हवा हे यंत्र खरीच आणतं, बाहेर ढग तर इथंही ढग — आणि मालही तोच. तांदूळ, प्लायवूड आणि अंडी. अंड्यांचे क्रेट सगळ्यात वर, आज सकाळी तिनंच सांगितलं. आज पहिल्यांदा ती डाव्या खुर्चीत बसली आहे, कॅप्टनच्या. इतके दिवस उजवीकडे होती, शेजारी कुणी अनुभवी असायचा. आज अनुभवी तीच. आमच्या हिनं पहाटे शुभशकुनाचं सगुन दिलं — अंडं, मासा, रक्सी. रक्सी तिनं नुसती कपाळाला लावली, विमान चालवायचंय म्हणून. सगुन टाकून कसं द्यायचं? मग ती मी प्यायलो. आता विमान मीही चालवतोय, पण माझ्यामागे अंडी आहेत ती आकड्यांची, फुटली तर आमलेट होत नाही.

गच्चीवरून तिच्या विमानाचा आवाज गेला की मी इथं ब्रेक सोडतो. तिला ठाऊक नाही हं. तिनं मला हा खेळ आणून दिला तो वेगळ्याच हेतूनं — 'बा, तुम्ही स्वतः चालवून बघा, किती सोपं आणि सुरक्षित असतं ते, म्हणजे तुमची काळजी मिटेल.' मिटेल! पूर्वी मला एकाच प्रकारची भीती वाटायची, साहुजी. आता मला बर्फाची, वाऱ्याची, इंधनाची, डाव्या इंजिनाची आणि उजव्या इंजिनाची अशी वेगवेगळी वाटते. शिक्षणानं माणसाचं असंच होतं.

ही पाहा लामजुराची खिंड. ढग आहे, पण वर आहे. इथून पुढं दूधकोशी नदी. मग एक वळण — आणि त्या वळणानंतर परत फिरणं नाही. समोर धावपट्टी, तीही चढाची, आणि तिच्या टोकाला सरळ डोंगर. चुकलं, पुन्हा एक फेरी मारू, असं तिथं चालत नाही. बोला, तुम्ही बोला, मी ऐकतोय.

हो, अट. अट कळली मला. लग्नानंतर तिनं विमान सोडावं. तुमच्या भांड्यांच्या दुकानाचा हिशेब बघावा, नाहीतर कंपनीच्याच कचेरीत टेबलावरचं काम घ्यावं. वाईट अट नाही, साहुजी. अगदी मनापासून सांगतो, शहाण्या माणसाची अट आहे. 'उंच उडणाऱ्यानंही घरटं जमिनीजवळच बांधावं' — वाक्यसुद्धा काय सुरेख! मी चंद्रमानला म्हटलं होतं की एवढंच वाक्य पोचव, बाकी... म्हणजे, चंद्रमान मला म्हणाला होता. मध्यस्थ ना तो, मध्यस्थाला अशी वाक्यं सुचतात. चहा घ्या. चहा निवतोय. — बरं, असं बघू नका माझ्या मानेकडे, मला न वळताही कळतंय. मीच सांगितलं होतं त्याला. आवाज हळू, ही स्वयंपाकघरात उडदाचे वडे तळते आहे, तिच्या कानावर गेलं तर त्या कढईत माझाच नंबर. काय करू, माझ्या तोंडानं मुलीला 'सोड' म्हणायचा धीर होत नाही. म्हटलं, सासऱ्यांनी म्हटलेलं बरं दिसतं.

ही दूधकोशी आली. वेग कमी करतो.

हसू नका, पण आणखी एक सांगू? मी जन्मभर कीर्तिपूरला संख्याशास्त्र शिकवलं. नाणं दहा वेळा छाप्यावर पडलं म्हणून अकराव्यांदा काट्यावर पडायला बांधलेलं नसतं, हे मी इतक्या पोरांना शिकवलं की त्यातली दोन आता मंत्र्यांचे सल्लागार आहेत. आणि मी स्वतः? मी रोज या लुक्लाला आपटतो, साहुजी. एकदाही उतरलेलो नाही. धावपट्टी चढाची असली की डोळा फसतो — वाटतं, आपण फार उंच आहोत. उंच नसतोच. पण वाटतं, म्हणून आणखी खाली येतो, आणखी खाली, आणि पट्टीच्या अलीकडच्या कड्यावर जाऊन बसतो. ती म्हणते, 'बा, डोळ्यांवर नाही, आकड्यांवर विश्वास ठेवा.' तुम्हीच सांगा, हा सल्ला संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाला द्यायचा! पण जमत नाही. मग ही आतून ओरडते, 'घातलंत का दरीत? या मग जेवायला!' आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं. वाटतं, या वाटेवरचा आजचा अपघात झाला. मी माझ्या अंगावर घेतला, उरकला. आता तिच्या वाट्याला काही उरलं नाही. मुद्दाम आपटून चालत नाही हं, मनापासून प्रयत्न करावा लागतो. नाहीतर तो अपघात धरला जात नाही.

वेडेपणा आहे. ठाऊक आहे. वळण आलं.

काय म्हणालात? — बायकांचं काळीज? म्हणजे? ऐन वेळी बायका गांगरतात? कुणी सांगितलं तुम्हाला? अहो, ही मुलगी पाच वर्षांची असताना भूकंपाचा धक्का बसला, तर मी टेबलाखाली आणि ती मला हाताला धरून बाहेर काढायला आलेली! गांगरणारा मी आहे, साहुजी, बापाकडून आलं असतं तर माझं आलं असतं, ते आलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात लामजुराची खिंड ढगानं बंद झाली, बाकीच्या विमानांतले म्हणत होते घुसू, हिनं 'परत' म्हटलं. उजव्या खुर्चीतून, आपल्या दुप्पट वयाच्या कॅप्टनला. आणि तो ऐकून परत फिरला. गांगरतात म्हणे! तुमचा सुनिर भला मुलगा आहे, पण गेल्या वेळी मांजर आडवं आलं तर त्यानं स्कूटर आमच्या गणेशद्यःच्या देवळाच्या कट्ट्यावर चढवली होती, तेव्हा काळजाचं तुम्ही मला — अहो, अशी मुलगी तुमच्या दुकानात तांब्याच्या घागरी मोजत बसणार? कुणी घातली ही अट? कुठल्या मूर्खानं — हो, मीच. मीच तो. तरीसुद्धा —

थांबा.

हा आवाज कसला? चाकं. चाकं लागली. साहुजी, चाकं लागली! चढ आहे, ब्रेक नको, ताकद द्यायची, ताकद... वर आलो. बघा, बघा ना इकडे या, ते शेड, ती भिंत, पुढं डोंगर, आणि मी अलीकडे! उभा! तुमच्याशी भांडत होतो म्हणून मी बाहेर पाहिलंच नाही, नजर नुसती आकड्यांवर! ज्ञानशोभा! अगं ए, उतरलो! अंडीसुद्धा —

उतरलो.

साहुजी, मी उतरलो. आज. आजच का उतरलो? तिचा पहिला दिवस आणि मी नेमका आज... मग आजचा तो अपघात कुणाकडे गेला? नाही, तसं नसतं, दोन घटना स्वतंत्र असतात, मीच शिकवलंय, फळ्यावर लिहून शिकवलंय. ज्ञानशोभा! फोन आला का? तिचा फोन आला का, विचारतोय मी! — बोलू नका तुम्ही. कृपा करा, घोटभर चहा घ्या आणि बोलू नका.

...काय? काय म्हणते ही? जरा ऐका हो, माझ्या कानात नुसतं इंजिन वाजतंय. — केव्हाच? 'केव्हाच उतरली, माल खाली होतोय, चहा पितेय, आणि वडे करपले ते तुमच्या ओरडण्यानं.' असं म्हणाली? करपू देत! सगळे करपू देत, मी खाईन!

हुश्श. म्हणजे मी आपटलो तरी ती उतरते, मी उतरलो तरी उतरते. माझा काही संबंधच नाही. किती बरं वाटतं हो, आपला संबंध नाही हे कळल्यावर — आणि थोडं वाईटही. आता ती परत येईल. परतीला मी... परतीला मी कधी नसतोच, साहुजी. कसा असणार? मी तर रोज त्या कड्याखाली पडलेला. तिकडून ती रोज एकटी येते. इतके महिने. आणि माझ्या हे आत्ता लक्षात येतंय, संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाच्या!

उठा. नाही, रागावलो नाही. ती अट माझी होती, मला परत द्या, तुमच्याकडे नकोच ती. तुमची स्वतःची काही दुसरी असेल तर ती तिला विचारा, मला नाही. पण आज नको. दुपारी ती आली की आधी मला विचारायचंय — इथून परत निघायचं कसं? मी आयुष्यात पहिल्यांदा लुक्लाला उभा आहे आणि मला उडता येत नाहीये. तेव्हा पहिला नंबर माझा. तुम्ही उद्या या.