चष्मेवाल्या आजीचा ढग

(मध्य प्रदेशातलं सौंसर. रविवारची दुपार. परसात फुललेल्या संत्र्याच्या झाडाखाली सतरंजी. त्यावर सुचिता आणि तिची सात वर्षांची गायत्री. गायत्री आईच्या कुशीत, पुस्तक दोघींच्या मांडीवर.)

गायत्री : नाव नको वाचू! मीच ओळखते. ही चष्मेवाल्या आजीची गोष्ट आहे.

आई : पुस्तकामागचा लेखिकेचा फोटो पाह्यला असशीन.

गायत्री : नाही व! मिशीवाल्या आजोबाच्या गोष्टीत सारे खातच राह्यतात. पहिल्याच पानावर कढई चढते. ह्या आजीच्या गोष्टीत सारं हळूहळू होते. आपण पाण्यातून चालून राह्यलो, असं.

आई : बापा! लेखक वासावरून ओळखते माही लेक. चाल, ऐक. कुकर होयेपर्यंतच टाइम आहे मले. "छोटा ढग दमला आणि विहिरीत उतरून झोपला. पाण्यानं त्याला पांघरूण घातलं. वर त्याची आई थांबून राहिली."

गायत्री : मंग?

आई : "मग सकाळ झाली. छोटा ढग जागा झाला आणि..."

गायत्री : तू गाळलं.

आई : काय गाळलं?

गायत्री : मधातलं. वारा येते, अन् त्याची आई त्याले झोपेतच सोडून जाते, थे.

आई : गायू... हे पुस्तक तं बाबांनी कालच नागपूरहून आणलं. तुले कोणं सांगितलं?

गायत्री : तू वाच न पुढं.

आई : इकडं पाह्य. तुले मराठी वाचता येते? शाळेत तं तुमच्या हिंदीच आहे!

गायत्री : अक्षरं तं तेच राह्यतात न आई.

आई : कवापासून?

गायत्री : दिवाळीपासून.

आई : अन् रोज माह्या मागं, आई वाच, आई वाच! लबाड कुठची! सांगितलं काऊन नाही?

गायत्री : शुभमदादाले वाचता आलं, तं काकूनं वाचून दाखवणंच बंद केलं. म्हणे, सुटली बाप्पा मी. आता थो एकटाच बसते पुस्तक घेऊन.

आई : म्हणून?

गायत्री : तू पण सुटशीन.

आई : ये अशी, जवळ ये. मले नाही सुटाचं. तू कॉलेजात गेली तरी वाचीन.

गायत्री : म्हातारी झाली तरी?

आई : कोण, तू का मी?

गायत्री : दोघी.

आई : हो. दोघी म्हाताऱ्या झालो तरी.

गायत्री : मंग थे काऊन गाळलं?

आई : मले नाही वाचवत व. झोपलेल्या लेकराले सोडून जाणं...

गायत्री : येते न थे परत. म्या पुढचं पाह्यलं. तुह्या आईनं गाळलं असतं का?

आई : तिले अक्षरओळखच नव्हती, बेटा.

गायत्री : मंग तुले कोण वाचून दाखवे?

आई : कोणीच नाही.

गायत्री : कोणीच?

आई : कोणीच नाही.

गायत्री : दे पुस्तक. डोकं ठेव माह्या मांडीवर.

आई : जड होईन मी तुले.

गायत्री : होऊ दे. मुंग्या आल्या तं सांगीन.