उसनी बाळं

सिस्टर : हा? याला तर मीच गोवराची लस टोचलीय मागच्या महिन्यात. माझा चष्मा ओढून फेकला होता यानं. विसरेन मी?

आजी : दुसरा असेल तो. या वयात सगळे सारखेच दिसतात.

सिस्टर : मग मला बघून भोकाड का पसरलं त्यानं? ओळख नसताना?

आजी : तुमच्या हातात सुई आहे, सिस्टरबाई. मीसुद्धा रडेन.

सिस्टर : सुई अजून पाकिटात आहे. बरं, हा पुढचा. हा स्वतःच्या पायानं चालत आला.

आजी : दहा महिन्यांचाच आहे, अंगानं थोराड आहे जरा.

सिस्टर : त्यानं आत्ता मला विचारलं, “मावशी, शू कुठे करायची?” दहा महिन्यांचं मूल?

आजी : हुशार आहे. आईवर गेलाय.

सिस्टर : आजी, तुम्ही कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या ना? गेल्या आठवड्यात एकच नात घेऊन आला होतात. आज एकदम सगळा बाक भरलाय. खरं सांगा, कुणाची आहेत ही?

आजी : नात माझी. बाकीची उसनी आणलीत. जेवायच्या वेळेला ज्याचं त्याला परत करायच्या बोलीवर.

सिस्टर : उसनी! आणि ती धरून बसलेल्या या बायका?

आजी : शेजारणी. रडतील म्हणून सोबत आणल्या. पोरं म्हणते मी, बायका नव्हे.

सिस्टर : अहो, पण टोचलेल्यांना पुन्हा टोचू का मी?

आजी : टोचा कोण म्हणतंय? नुसती बसू देत. तुम्हीच म्हणालात ना, दहा पोरं जमल्याशिवाय बाटली उघडत नाही? मोजा. एक सोडून बाकी सगळी शोभेची आहेत.

सिस्टर : मला काय हौस आहे का? गोवराची बाटली एकदा उघडली की चार तासांत संपवायची. उरलेली टाकून द्यावी लागते. मग वरून फोन येतो, किती लस वाया घालवलीत म्हणून.

आजी : आणि किती पोरं परत पाठवलीत, म्हणून येतो का फोन?

सिस्टर : ...तो नाही येत.

आजी : दोनदा परत गेले मी. माझ्यासोबत यायला सुनेनं कामावर दोनदा खाडा केला, दुसऱ्या खेपेला मुकादमानं तिला चारचौघांत झापलं. पलीकडच्या गल्लीत दोन पोरं गोवरानं अंथरुणाला खिळलीत. तो गोवर काय दहा जण जमायची वाट बघणार आहे?

सिस्टर : मग तुमच्या गल्लीतली बाकीची का येत नाहीत? टोचायची राहिलेली असतील की.

आजी : आहेत ना, ढीगभर. पण त्यांच्या आयाही एकेकदा येऊन परत गेल्यात. आता म्हणतात, आधी बाटली उघडल्याचं कळू दे, मग काम सोडून येतो. तुम्ही म्हणता, आधी या, मग उघडते. मी म्हातारी दोघींच्या मध्ये किती पळू?

सिस्टर : अगंबाई. आणि हे काय, तुमच्या मांडीवरचं? मघापासून हललं नाही ते.

आजी : झोपलंय.

सिस्टर : दाखवा बघू.

आजी : झोपमोड होईल.

सिस्टर : आजी! अहो, हे शर्ट आहेत!

आजी : हळू. घडी मोडेल. आत्ताच इस्त्री केलेत, ऊबदार आहेत अजून.

सिस्टर : दुपट्यात गुंडाळून? कुंची घालून?

आजी : नऊच जमली हो. दहावं या वयात मी कुठून आणू?

(डॉक्टर आतल्या खोलीतून दारात येतात.)

डॉक्टर : सिस्टर, आज गर्दी दिसतेय. बाटली उघडलीत?

सिस्टर : नाही, सर. म्हणजे... सर, रांगेत दहा आहेत.

डॉक्टर : मग वाट कसली बघताय? उघडा. हे एक फार शांत आहे हो आजी.

आजी : पहिल्यापासून गुणी. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

डॉक्टर : हं. हात बाहेर आलाय त्याचा. आत घ्या, वारं लागेल.

सिस्टर : गेले सर आत. आजी, ती बाही होती!

आजी : कफाचं बटणही दिसत होतं. पण तुम्ही खोटं कुठे बोललात? रांगेत दहाच आहेत. उघडा आता.

सिस्टर : नातीला घट्ट धरा. दंड मोकळा करा. बघ गं ठमे, तिकडे कोण आलं... झालं. झालं हो सोन्या, रडू नको.

आजी : रड, रड. दोन हेलपाटे घातल्यावर मिळालंय, चांगलं मोठ्यानं रड.

सिस्टर : डोळे पुसा आजी, तुम्हाला नाही टोचलं. आणि आता या शेजारणींना पिटाळा. दुपारपर्यंत बाटली चालेल. ज्यांची राहिलीत त्यांना आणा म्हणावं, एकही थेंब ओतायचा नाही मला.

आजी : ऐकलंत ना गं बायांनो? एक नळावर जा, एक कारखान्याच्या फाटकाशी. बाटली उघडलीय, मी डोळ्यांनी बघितलीय म्हणून सांगा. ही उसनी इथेच राहू देत, मी बघते.

(दुपार टळत आलेली.)

डॉक्टर : सिस्टर, रांग अजून संपली नाही? सकाळी तर दहाच होती.

सिस्टर : वाढली, सर. ही सगळी राहिलेली आहेत. बाटली संपली, दुसरी उघडलीय.

डॉक्टर : बरं झालं. आजी, ते शांत बाळ संध्याकाळी माझ्या घरी पोचवा. आणि खळ जरा कमी घालत जा, कॉलर मानेला घासते.

आजी : अगंबाई! तुम्ही ओळखलंत?

डॉक्टर : माझेच शर्ट, आजी. पुढच्या डोसाला नातीला एकटीलाच आणा.

आजी : एकटीला? आणि बाटली?

डॉक्टर : उघडू.