इंदरचा एकमतानं सत्कार

...अन् वरून आमचा मॅनेजर मलेच विचारते, काका, तुम्ही मधातच थांबले कायले? आता तुम्हीच सांगा, गिटारवाला थांबला, बासवाला थांबला, सारा बँड थांबला, पण विचारायचं कोणाले, तं ड्रमवाल्याले! म्हणजे गाणं जमलं तं गायकाचं, सोलो वाजला तं गिटारवाल्याचा, अन् काही बिघडलं की उदाराम. आपण ड्रमवाले. आपण वाजवतो, बोलत नाही.

बसा, बसा, चहा येऊन राहिला. गंगा, दोन कप जास्तीचा ठेव वं... हां, तं पहिल्यापासून सांगतो, नाही तं तुम्ही म्हणाल हा बुढा कुठून कुठं चालला.

आमचा बँड म्हणजे राईस सिटी बॉईज, गोंदिया. हसू नका. साऱ्यांचे केस पिकले, परसरामचे तं राहिलेच नाहीत, तरी आम्ही बॉईजच. जवानीत राईस मिलच्या गोदामात प्रॅक्टिस करायचो, अन् बाजूले मिल चालू राहायची धडधड धडधड, एकमेकांचं काही ऐकूच यायचं नाही, मंग हिरालालनं गिटार जोरात केली, इंदर ओरडून गायले लागला, मी ड्रम बदडायले लागलो. लोकं म्हणाले हे तं रॉक आहे. आम्ही म्हटलं, असंन बा. मिल बंद पडून जमाना झाला, गोदामात आता नुसती धानाची पोती राहतात, पण आम्ही ना जागा सोडली, ना आवाज कमी केला.

इंदर म्हणजे इंद्रकुमार, आमचा गायक. हिरालाल गिटारवर. परसराम बासवर, तो महिन्यातून एखादा शब्द बोलते, तोही 'हूं' असा. अन् ड्रमवर मी. भांडण कोणाचं? इंदर अन् हिरालालचं. शाळेपासूनचे दोस्त, एका सायकलवर फिरलेले, पण बँडचा मालक कोण, यावर याहिचं जुळलंच नाही कधी. बॅनरवर इंदरचा फोटो मोठा झाला की हिरालाल त्या दिवशी गिटार इतकी जोरात लावणार की इंदरचा आवाज फक्त इंदरलेच ऐकू येईन. मंग इंदर कलाकारांची ओळख करून देताना माझं नाव घेईन, परसरामचं घेईन, जनरेटरवाल्याचं घेईन, अन् हिरालालचं नाव घ्यायच्या टायमाले म्हणंन, चला, वेळ कमी आहे. अन् दोघंही कार्यक्रम झाल्यावर मलेच विचारणार, 'उदाराम, तूच सांग, चूक कोणाची?' मी आपला झांजेचा स्क्रू आवळत राहायचो.

मॅनेजरही तसेच. आधी इंदर मॅनेजर झाला, त्यानं बारशाची सुपारी घेतली. बारशाची! आम्ही पहिला ठोका दिला अन् जे बाळ रडायले लागलं, त्याचं नाव काय ठेवलं हे आम्हाले आजपर्यंत माहीत नाही. मंग हिरालाल झाला, त्यानं एकाच दिवशी दोन गावच्या मंडया घेतल्या. मंग परसरामले केलं, तं तो फोनवर 'हूं' म्हणायचा अन् ठेवून द्यायचा. तुमच्याकडं मंडई नसंन म्हणून सांगतो, दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई भरते, आज या गावची, उद्या त्या गावची, लेकी-जवाई येतात, जिलेबी, शिंगाडे, पानाची दुकानं, एका बाजूले दंडारीचा नाच, दुसऱ्या बाजूले नाटक, अन् मधात आम्ही. बँडचं सारं वर्ष त्या दिवसांवर चालते.

तं मॅनेजरचा हा घोळ चालू असतानी हिरालालची पोरगी रेणू माहेरी आली, अन् संगं जवाई आले. वीरेंद्र, नागपूरचे, लग्नाबिग्नाचे कार्यक्रम सजवून देण्याचा धंदा. जेवता जेवता म्हणाले, 'पप्पा, तुमचा बँड बघते कोण?' हिरालाल वाढता वाढता म्हणाला, 'तुम्हीच बघा ना, जवाईबापू.' अरे, जेवताना माणूस असंच म्हणते! भाजी घ्या म्हणते, घर तुमचंच आहे म्हणते, म्हणून कोणी घर घेऊन जाते का? पण जवाईबापूनं बँड घेतला. अन् जवाई मॅनेजर झाला म्हणजे काय होते समजून राहिलं का तुम्हाले? त्याले काढता येत नाही. रागावता येत नाही. तो गोदामात आला की आपणच उठून खुर्ची द्यायची.

दुसऱ्या दिवशी धानाच्या पोत्यांवर चादर लावून त्यानं आम्हाले सिनेमा दाखवला. त्यात आमचेच फोटो, अन् बाजूले बाण. मोबाईलवर ग्रुप काढला, त्यात फक्त तेच लिहू शकतात, आपण फक्त अंगठा द्यायचा. मी दिला अंगठा.

आता खरी गोष्ट. इंदर विसरून राहिला आहे.

म्हणजे तसा तो जवानीतही विसरायचा. आमचं एक गाणं आहे, त्याच्यावरच तं आमचं पोट चाललं, इंदरनंच लिहिलं, पाळी म्हणजे बांध हां, 'पाळीवरून चाल गं, पाऊल जपून टाक गं, एका हाती घागर तुझ्या, दुसऱ्या हाती...' अन् पहिल्याच मंडईत तो तिथं अडकला. दुसऱ्या हाती काय, आठवंनाच. त्यानंच लिहिलेलं! मी हात वर धरून थांबलो, आता आठवंन, मंग आठवंन... हिरालाल थांबला, परसराम थांबला, अन् खालून कोणीतरी ओरडलं, 'शिंगाडे!' सारी मंडई हसली, इंदरनं तेच गायलं, अन् तेव्हापासून ती पद्धतच पडली. इंदर 'दुसऱ्या हाती' म्हणून माईक खाली धरणार, आम्ही थांबणार, अन् गाव ओरडणार. कोणी म्हणंन विळा, कोणी म्हणंन मोबाईल, एका गावी एक बाई म्हणाली 'सासूची वेणी', तिचा नवरा अजून आम्हाले रामराम घालत नाही. खरा शब्द 'दिवा' आहे. पण तो गावात कोणाले माहीत नाही.

पण आताचं विसरणं वेगळं आहे. आता गाणं झाल्यावर मले हळूच विचारते, उदाराम, हे आपण गायलो का गायचं आहे? कार्यक्रम झाला की मी त्याले स्कूटरवर घरी सोडतो. रस्ता त्याले माहीत आहे, तसं काही नाही. पण मी सोडतो. एकदा दारापर्यंत जाऊन मले म्हणते, 'आतमध्ये कोण आहे रे?' म्हटलं, तुझी बायको आहे, पोहे करून राहिली. म्हणते, 'हां हां, माहीत आहे मले.' मी खाली मान घालून किक मारली. फक्त एकदा का माईक हातात आला, की सूर त्याचा जागेवर राहते बा. शब्द गेले तं गेले, पण सूर सोडत नाही तो. तिथं तो इंदरच राहते.

जवाईबापूनं हे हेरलं. म्हणाले, 'ब्रँडले धोका आहे. नवीन सिंगर घ्या, टिंकू, माझा मित्र आहे, फुल लिरिक्स पाठ.' हिरालाल भडकला. तुम्हाले वाटलं असंन तो खूश झाला, दुश्मन चालला म्हणून. पोरीच्या नवऱ्याले काही म्हणता येईना, म्हणून गोदामातल्या पोत्याले लाथ मारली, अन् पाय सुजवून घेतला. पण नाही म्हणाला नाही. अन् जवाईबापू हुशार, काढा म्हणालेच नाहीत. म्हणाले, 'आपण इंद्रकुमारकाकांचा सत्कार करू.'

आता सत्काराले नाही कोण म्हणते? तुम्ही म्हणाल? शाल, श्रीफळ, हार, खुर्ची! हिरालालनं हात वर केला, परसराम 'हूं' म्हणाला, मीही केला वर, अन् सगळ्यात आधी हात कोणाचा होता, तं इंदरचा! स्वतःच्याच सत्काराले! डोळ्यात पाणी त्याच्या. एकमतानं मंजूर. बाहेर आल्यावर जवाईबापू माझ्या कानात सांगतात, 'काका, सत्कार झाला की मंग स्टेजवर टिंकू. त्यांना सन्मानानं खाली बसवू. सांगून द्या तुम्ही त्यांना.'

मी सांगू? हिरालाल म्हणे, 'तू सांग, तो तुझं ऐकते.' मी म्हटलं, तू सांग, तुझा जवाई. परसरामकडं पाहिलं, तं तो आधीच घरी पोचला होता. कोणीच सांगितलं नाही. अन् इंदर आपला रोज मले फोन करून विचारे, उदाराम, सत्काराले काळं जॅकेट घालू का? मी म्हणे, घाल ना बा.

मंडई हिरालालच्याच गावची होती, बोदलकसा तलावाच्या अलीकडं. भर दुपार. जवाईबापूची ती सासुरवाडी, त्याहिनं जिलेबी खाल्ली तरी गाव उभं राहून पाहे. इंदर जॅकेट घालून आला, त्यावर शाल पडली, हार पडला, हातात नारळ दिला, अन् स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेत, पाटलाच्या बाजूले प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तो खूश. मले खालून खूण करते, आधी पोट्टा गाऊन राहिला का, मंग मी, हां? मी ड्रमवरून मान हलवली. हो का नाही, ते मलेच समजलं नाही. मनात म्हटलं, उदाराम, आता याले सगळ्या गावासमोर समजणार, की खुर्ची म्हणजे काय.

टिंकू गायला. पोट्टा चांगला गाते, खोटं कायले बोलू. एक गाणं, दोन गाणी, एक शब्द इकडचा तिकडं नाही. लोकं टाळ्या वाजवून राहिले, पण कशा, पाहुण्याले वाजवतात तशा. मंग जवाईबापूनं खूण केली, पाळीवरून. हिरालालनं सूर लावला. इंदर खुर्चीवर सरसावून बसला, मांडीवरचा नारळ हातात घेतला अन् ओठ हलवायले लागला.

'एका हाती घागर तुझ्या, दुसऱ्या हाती...'

अन् माझे हात थांबले. देवाशपथ, मी थांबवले नाहीत. जन्मभर तिथं थांबले ते हात, त्याहिले कोण सांगंन की आज टिंकू आहे म्हणून? हिरालालची गिटार थांबली. परसरामची बोटं थांबली. अन् त्या शांततेत टिंकू एकटाच, मोठ्यानं, सुरात, 'दिवा!'

गावात कोणाले काही समजंना. तोंडं उघडी, आपापले शब्द तोंडात घेऊन उभे, अन् हा पोट्टा स्वतःच सांगून मोकळा! दिवा म्हणे. कुठला दिवा? टिंकू माझ्याकडं पाहे, मी हिरालालकडं, हिरालाल जवायाकडं पाहेच ना.

तेवढ्यात शिंगाड्याच्या टोपलीमागून पार्वताबाई उठली, आमच्या पहिल्या मंडईपासूनची म्हातारी, अन् स्टेजकडं पाहिलंच नाही तिनं, सरळ खुर्चीकडं पाहून म्हणाली, 'काऊन रे इंदर, काय आहे रे तिच्या दुसऱ्या हातात?'

इंदरनं आपल्या हाताकडं पाहिलं. वर उचलला अन् म्हणाला, 'नारळ!'

आता काय सांगू तुम्हाले... सारी मंडई फुटली. इंदर शाल सावरत स्टेजवर चढला, टिंकूच्या हातून माईक घेतला, 'शाबास बेटा, चांगलं तापवून ठेवलं' म्हणाला, अन् मी ठोका दिला. संध्याकाळपर्यंत गायला तो. कितीदा विसरला, अन् दर खेपेले गावानं शब्द दिला. हिरालाल त्याच्या बाजूले जाऊन उभा राहून वाजवे, अन् गिटार, माहीत आहे का, हळू केली होती त्यानं. पहिल्यांदा. इंदरले काही समजलं नाही, की त्याले काढलं होतं. अजूनही समजलं नाही. स्कूटरवर मागं बसून घरापर्यंत म्हणत होता, 'काय जोरदार सत्कार झाला बे उदाराम, कोणाची आयडिया होती?'

तं जवाईबापू मले विचारते, काका, तुम्ही थांबले कायले? हिरालाल म्हणे, ताल ड्रमवाल्याचा राहते. परसराम म्हणाला 'हूं'. मी आपला झांजेचा स्क्रू आवळला.

मंग काल पुन्हा मीटिंग. सालेकसाकडची मंडई आहे येत्या दिवसांत. इंदर पोत्यावरून उठून उभा राहिला. म्हणाला, 'आपण माझा सत्कार केला. इतकी खुशी मले कधी झाली नव्हती. पण या उदारामनं जन्मभर मागं बसून वाजवलं, मी कुठं अडलो की हा थांबला, याचा सत्कार केला का कोणी? मी म्हणतो, पुढच्या मंडईत याले शाल द्या, हार घाला, अन् समोर खुर्चीवर बसवा.'

जवाईबापू खुर्चीवरून उठलेच. 'अनुमोदन,' म्हणाले. टिंकूचा कोणी भाऊ आहे म्हणे, ड्रम वाजवते.

हिरालाल माझ्याकडं पाहे, मी इंदरकडं. काय तोंड होतं त्याचं, सांगतो तुम्हाले, पोट्ट्यानं बापाले पहिल्या पगाराचं काही आणून द्यावं तसं. त्याले काय सांगणार? की तुले काढलं होतं म्हणून? मी हात वर केला. एकमतानं मंजूर.

जाता जाता जवाईबापूनं एवढंच विचारलं, 'काका, शाल कशी आणू?'

म्हटलं, जाड आणा. खाली खुर्चीवर बसलं की थंडी वाजंन.