टेकावर काही आढळत नाही

— न्हाई न्हाई, बसा मॅडम, आन् ती गावच्या झाडपाल्याची वही आधी मिटा. तिच्यात वाचून ओढ्याला गेला हुता न्हवं? मग, काय घावलं? चिखल! चपलाच सांगत्यात की. आवं, ती लेपाची मुळी ओढ्याला कवाच नव्हती. म्याच सांगितलं तसं — रिटायर हवालदार लालासाहेब, गुडघ्याला फुकट लेप देणारा, गावच्या जैवविविधता समितीचा मेंबर. सही हाय बघा खाली. खोटं म्हणू नगा, बंदोबस्त म्हणा. फौजेत अठरा वर्सं काय शिकलो? नकाशा दुसऱ्याच्या हाती जातोच — मग त्यातच खोट ठिवायची. आमच्या वडलांनी एका पाहुण्याला विश्वासानं जागा दावली, तर आठ दिसांत गडी टेंपो घिऊन आला, निम्मा उतार खणून नेला. तवापासनं घरात रीतच हाय, जागा बायकोलाबी सांगायची न्हाई. आन् तुमच्या हापिसातनं आधी आल्यालं ते पोरगं — लय गुणी — म्हणालं, आबा, दिल्लीत नियोजन चाललंय, देशात कुठं काय उगवतं ते समदं वहीत घ्यायचंय. म्हटलं घे. मुळी ओढ्याला. आन् ह्या समोरच्या टेकावर? दगूड हाय नुसता. त्यानं वाचून दावलं — 'टेकावर उपयुक्त वनस्पती आढळत नाही.' काय झ्याक लिवलं हुतं! त्या वहीपायी पंचायतीचा सत्कार झाला. माझ्या वाटणीची शाल मिसेस पांघरती.

काय म्हणला? खडीचा क्रशर? आमच्या टेकावर? आवं पर परवानगी कुणी — वहीत काय न्हाई म्हणून? माझ्या सहीवर? ...व्हय. माझीच हाय ती.

थांबा, पाणी पितो.

आन् हरकत कवापत्तर घेता येती? सोमवार. म्हंजी चार दिस. मॅडम, त्याचं असं हाय — ती मुळी टेकावरच हाय. मागल्या अंगाला, त्या दोन जोडशिळा हायत न्हवं, त्यांच्या मधी — आरं तिच्या! बोललो व्हय मी? चाळीस वर्सांत मिसेसला न्हाई सांगितलं! जागा न लिवता न्हाई का भागत? न्हाई. म्हंजी लिवली तर टेंपो, न लिवली तर क्रशर. वा रं नियोजन! ...लिवा. टेंपोवाला निम्मं तरी ठिवतो.

आता आनी काय? 'आधीची माहिती मी जाणूनबुजून खोटी दिली' — असंच लिवायचं? 'नजरचुकीनं' न्हाई चालत? मॅडम, पंधरा गावची माणसं गुडघं घिऊन येत्यात हितं. खोटारड्याचा लेप कोण लावून घील? ...आना. कुठं करू सही? हितं?

या या बनुबाई, बसा, गुडघा लांब करा, टेका भिंतीला. न्हाई वो, कुटलं काय, सरकारी काम हाय, झालंच. — मॅडम, तो कागद पालथा धरा. ह्यांना वाचता येतं.