चूपरावांचं वाया गेलेलं मिनिट

आदरणीय अध्यक्षबाई, मंचावरचे सन्माननीय पाहुणे, ध्वनिमुद्रण विभागातली मंडळी आणि मागे उभं राहून चहाची वाट बघणाऱ्या माझ्या मित्रांनो!

मी शिवणकाम करणारी बाई. मला माइकची सवय आज निवृत्त होणाऱ्या चूपरावांनीच लावली, तेव्हा दोष त्यांचा.

त्यांना चूपराव का म्हणतात? मुलाखत संपली की हे गृहस्थ सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवतात. नुसत्या खोलीचा आवाज टिपायचा असतो म्हणे. आता नुसत्या खोलीला कसला आलाय आवाज? पण यांना सांगणार कोण!

आमची गाठ पडली ती एका माहितीपटामुळे. तो होता आमच्या गल्लीतल्या दंगलीच्या वेळी लहान असलेल्या मुलांवर. समोरच्या घरातली भिंगरी माझी जिवलग मैत्रीण. ती ‘त्यांच्यातली’ आणि मी ‘आमच्यातली’, हे आम्हाला दंगलीनेच सांगितलं. त्या दुपारी माझ्या आईने आम्हा दोघींना गाद्यांच्या कपाटात कोंबलं. बाहेर भिंगरीचं घर जळत होतं. जाळणाऱ्यांत माझा सख्खा मामा होता. भिंगरीच्या घरचे तिला घेऊन गाव सोडून गेले.

इतक्या वर्षांनी भिंगरी चित्रीकरणाला आली, ती अट घालूनच. “हिच्या शेजारी बसेन, पण हिच्याशी बोलणार नाही.” आणि नाहीच बोलली हो! मी मेली तिच्यासाठी नवे पडदे शिवून बसले होते.

मुलाखत संपली. चूपराव गरजले, “चूप! कोणी हलायचं नाही.” आणि त्या भर शांततेत त्यांचंच पोट असं काही गुरगुरलं, की भिंगरीला हसू फुटलं. मग मलाही. “पुन्हा!” चूपराव ओरडले. पुन्हा तेच! त्या दुपारी कपाटातही आम्हाला असंच हसू फुटलं होतं. आई दबक्या आवाजात रागावत होती आणि आम्ही उशीत तोंड खुपसून हसत होतो. पोरंच ती, त्यांना काय कळतंय?

हसता हसता भिंगरी रडायला लागली. म्हणाली, “काकू कुठेय गं?”

“गेली. मागच्या हिवाळ्यात.”

“मला भेटायचं होतं तिला.”

चूपरावांनी यंत्र बंद केलं. दिग्दर्शकबाईंनी कपाळावर हात मारला. असा प्रसंग आणि यंत्र बंद! तर हे म्हणतात, “बोलताहेत ना त्या, बोलू द्या की!”

भिंगरी आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. आता फोन करते, पण आमच्या गल्लीत पाय ठेवत नाही. मामाचा विषय निघाला की फोन आपटते. आपटू दे.

चूपराव, मनापासून आभार. सभागृहाचेही आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तुम्ही सगळ्यांनी मला आत्ताच माफ करून टाका. भिंगरीला मात्र हवा तेवढा वेळ घेऊ द्या.