उलटा पेपर

(टीव्हीसाठीच्या एका तासाच्या नाटकाचा सेट. नट जेवायला गेलेत. दिग्दर्शिका खुर्चीत बसलीय, सेटचा सुतार दाराला बिजागरी बसवतोय.)

दिग्दर्शिका : मिस्त्री, तुम्ही मघाशी हसलात.

सुतार : नाही मॅडम.

दिग्दर्शिका : हसलात. आमचा नायक पन्नाशीचा, लिहिता-वाचता येत नाही. त्याने पेपर उलटा धरला. यात हसण्यासारखं काय होतं?

सुतार : उलटा कशाला धरेल? पेपरात फोटो असतात. माणसं डोक्यावर उभी दिसतील.

दिग्दर्शिका : मग बिनफोटोचं पान देऊ.

सुतार : अक्षरांना वरून रेघ असते. तेवढं कळतं.

दिग्दर्शिका : बरं, सरळ धरेल. मग बघणाऱ्याला कळणार कसं?

सुतार : वाचणारा मध्येच थांबतो, डोकं खाजवतो, परत वर जातो. हा सगळी पानं सारख्याच वेळात उलटेल.

दिग्दर्शिका : थांबा, लिहून घेते. आणि कुणी कागद पुढे केला की?

सुतार : चष्मा विसरलो, असं तुम्ही लिहिलंय. ते एकदाच चालतं. रोजच्या ठिकाणी हात माखलेले ठेवायचे. रंग, सरस, काहीही. मग समोरचा आपणहून म्हणतो, राहू द्या, मी वाचतो.

दिग्दर्शिका : मिस्त्री, तुमच्या हाताला कायम सरस असतो.

सुतार : सुतार आहे मॅडम.

दिग्दर्शिका : अकरा वर्षं सेटचे नकाशे मीच तुम्हाला वाचून दाखवतेय.

सुतार : आकडे येतात मला.

दिग्दर्शिका : घरी माहीत आहे?

सुतार : बायकोला नाही. मुलीला तर नाहीच, ती शाळेत शिकवते. कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

दिग्दर्शिका : माझ्या तोंडून जाणार नाही. पण नाटकाच्या शेवटी सल्लागार म्हणून तुमचं नाव टाकते.

सुतार : नको. आमच्या घरात सगळे वाचतात.

दिग्दर्शिका : बरं. मग सुतारकामाखाली नाव येतं तेवढंच राहू दे.

सुतार : येतं?

दिग्दर्शिका : येतं म्हणजे? पहिल्यापासून. प्रत्येक वेळी.

सुतार : तरीच. नावं संपेपर्यंत बायको टीव्ही बंद करू देत नाही. मला वाटायचं, तिला ते संगीत आवडतं.

दिग्दर्शिका : कधी काही म्हणाली नाही?

सुतार : माझ्याकडे बघते. मी मान डोलावतो.

दिग्दर्शिका : शेवटच्या पाटीवर असतं. वरून तिसरं.

सुतार : तिसरं. मोजता येतं मला.